अकरा इंच दोरा

आम्ही एकमेकींच्या झिंज्या उपटत राहावं, हेच तुम्हाला हवं होतं. मालकमंडळी, हा माझा आरोप आहे. कुजबुजत करत नाही, जेवणाच्या सुट्टीत भिंतीआड करत नाही, तोंडावर करते आहे. तुम्ही आम्हाला भांडायला लावलंत, भांडत ठेवलंत, आणि आम्ही भांडायच्या थांबलो तेव्हा तुम्ही घाबरलात. म्हणून तुम्ही एका बाईची भाकरी काढून घेतलीत. कशाबद्दल, तर अकरा इंच दोऱ्याबद्दल.

आता सगळं पहिल्यापासून सांगते. तुम्हाला ठाऊक असलं तरी सांगते. हे फक्त तुमच्यासाठी लिहिलेलं नाही.

संप आठवत असेलच. एकेचाळीस दिवस आम्ही फाटकाबाहेर बसलो. बेचाळिसाव्या दिवशी तुम्ही पुलापलीकडच्या वस्तीतून बायका आणल्यात. ट्रकमध्ये बसवून, वर ताडपत्री ओढून, चोरीचा माल आणावा तशा. आमच्या डोळ्यांदेखत त्या आमच्या मशीनवर बसल्या. संप मोडला. मग तुम्ही मोठं मन केलंत आणि दोन्हीकडच्या बायकांना ठेवलंत. सकाळची पाळी आमची, दुपारची त्यांची. आम्ही पुढच्या फाटकाने बाहेर, त्या मागच्या दाराने आत, आणि त्या आत आल्या की त्या दाराला बाहेरून कुलूप. मध्ये दहा मिनिटं हॉल रिकामा. कामाच्या जागी एकीचं तोंड दुसरीला दिसायला नको. आम्ही शिवायचा तो पांढरा माल, त्या शिवायच्या तो गडद निळा. का, तर कपडा खराब निघाला की कोणत्या पाळीचा ते रंगावरून लगेच कळावं. पुढे हाच रंग तुमच्या अंगाशी आला, पण ते नंतर.

आम्ही त्यांना 'ताडपत्री' म्हणायचो. त्या आम्हाला 'महाराणी' म्हणायच्या. बसथांब्यावर त्या उतरायच्या, आम्ही चढायचो. तिथे काय काय चालायचं ते तुमच्या काचेच्या खिडकीतून तुम्हाला दिसत होतं. एकदा चप्पल चालली, एकदा डबा फेकला. माझ्या शेजारच्या मशीनवर बसते तिला आम्ही तोफ म्हणतो. ती तर बस थांबायच्या आधीच सुरू व्हायची. तुम्ही कधी एक शिपाईसुद्धा पाठवला नाहीत.

पण खरी लढाई थांब्यावर नव्हती. ती मशीनवर होती.

माझं मशीन सत्तावीस नंबरचं, ओव्हरलॉक. कडा बांधायचं मशीन. तुमच्यापैकी कोणी त्यावर कधी बसलं नसेल म्हणून सांगते. त्यात चार दोरे लागतात. दोन सुयांत जातात ते सोपे. बाकीचे दोन खाली पोटात जातात, लूपरमध्ये. तिथे हात शिरत नाही, नजर पोचत नाही. चिमट्याने, मान वाकडी करून, श्वास धरून दोरा एकेका भोकातून न्यायचा. सवयीच्या हाताला पंधरा मिनिटं, नवख्याला अर्धा तास. म्हणून शहाणी बाई दोरा बदलताना जुना दोरा काढतच नाही. मागे कोनापाशी, म्हणजे दोऱ्याच्या मोठ्या रिळापाशी कापते, मशीनमध्ये आहे ते तसंच ठेवते, बाहेर राहिलेल्या टोकाला नव्या कोनाचा दोरा गाठ मारून बांधते आणि ओढून घेते. त्या टोकाला आम्ही शेपटी म्हणतो. चार शेपट्या असल्या की तीन मिनिटांत मशीन तयार.

आणि आम्ही काय करायचो? पाळी सुटताना चारही दोरे मुळापासून उपसून काढायचो. ताणाच्या चकत्या उलट्या फिरवायचो. तोफ तर लूपरमध्ये कापसाचा बोळा कोंबायची. पुलापलीकडच्या बायकाही काही साध्या नव्हत्या. सकाळी यावं तर मशीन नागडं, पेडलला च्युइंगम. दोन्ही पाळ्यांचा पहिला अर्धा तास शिव्या देण्यात आणि दोरे ओवण्यात जायचा. शिव्या त्यांना, बोलणी तुमची. तुम्ही त्यांना सांगायचात, सकाळच्या बायका बघा किती काम उपसतात. आम्हाला सांगायचात, दुपारच्या बघा.

मी काही देवमाणूस नाही. दोन वर्षं मी रोज दोरे उपसले. उपसताना बरं वाटायचं. ते खोटं कशाला सांगू?

मग एके दिवशी चूक झाली. चूकच, चांगुलपणा नव्हे. पाळी सुटायला दोन मिनिटं होती आणि माझा कोन संपला. सवयीने मी मागे दोरा कापला, शेपटी ठेवली, आणि दुसरा कोन संपत आला होता म्हणून तोही कापला. हात चालले की चालतात, चारही कापून मोकळी झाले. नवे कोन हातात घेतले आणि घंटा झाली. त्या दिवशी सकाळीच जावेशी वाजलं होतं, डोकं तिथेच अडकलेलं. कोन पेटीत टाकले आणि उठले. बसमध्ये बसल्यावर आठवलं, अरे, उपसायचे राहिले! तोफेला सांगितलं तर तिने कपाळाला हात लावला.

"अगं, तू तर तिला आयतं ताट वाढून आलीस!"

दुसऱ्या दिवशी आले तर माझ्या मशीनला चार निळ्या शेपट्या. सरळ, एकसारख्या, बोटभर नव्हे, चांगल्या वीतभर. चकत्या जागेवर. सुईखालचा धुरळा कुंचल्याने झाडलेला.

मी हातच लावेना. तोफेला हाक मारली. ती चष्मा वर-खाली करत मशीनभोवती फिरली.

"काहीतरी केलंय हिने. सुई उलटी लावली असेल. तुझं बोट जाणार बघ."

सुई सरळ होती. नवी होती.

"मग विसरली असेल," तोफ म्हणाली.

"चार-चार दोरे विसरली? आणि झाडूनही विसरली?"

तीन मिनिटांत मी शिवायला लागले. आजूबाजूला सगळ्या अजून माना वाकड्या करून बसलेल्या, आणि मी एकटी घरघर चाललेली. मला आनंद झाला नाही. मला राग आला. ही कोण मला उपकारात बांधणारी? त्या दिवशी सुटताना मी मुद्दाम सगळे दोरे उपसले. घे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चार निळ्या शेपट्या.

मला लाज वाटली. आणि लाज वाटली की मी आणखी चिडते, हे माझ्या नवऱ्याला विचारा. दिवसभर धुसफुसले. सुटताना कात्री हातात घेऊन उभी राहिले. तोफ म्हणाली, "उपस ना, बस निघेल." मी मागे कोनापाशी कापले. वीतभर ठेवले. तोफेने तोंड वाकडं केलं.

"झाली वाटतं ताडपत्रीची मैत्रीण!"

"ती कोण, काळी की गोरी, मला माहीत नाही," मी म्हटलं. "पण माझ्यापेक्षा कमी पडायची मला सवय नाही."

इथून सुरू झालं. तुम्ही म्हणता तसा यात कोणाचा कट नव्हता. कोणी मीटिंग घेतली नाही. मी उंच आहे, स्टूल वर ठेवते. सकाळी यावं तर स्टूल खाली आलेलं असायचं, म्हणजे ही बाई ठेंगणी. मग मी सुटताना स्टुलाचा स्क्रू फिरवून ते खाली करून ठेवायला लागले. चौथ्या दिवशी सकाळी स्टूल माझ्या उंचीला वर केलेलं. अगदी माझ्या उंचीला. सत्तावीसवर बसते ती मी, हे तिला माहीतही नव्हतं! स्क्रूवरच्या चरांवरून अंदाज घेतला असणार. माझ्या घरात अकरा माणसं आहेत. त्यातलं एकही माणूस माझी खुर्ची सरकवून ठेवत नाही.

पंधरवड्यात आमच्या रांगेत सहा मशीनवर शेपट्या दिसायला लागल्या. मग दहा. ज्या तोफेने बोळे कोंबले होते, ती एक दिवस मला म्हणते, "माझीवाली तेल घालून ठेवते गं. मी काही सांगितलं नव्हतं हो तिला!" माझीवाली! दोन महिन्यांपूर्वी ती तिचं नरडं दाबणार होती.

थांब्यावर आवाज बसले. एकदम नाही. आधी टोमणे कमी झाले, मग नुसत्या बघायच्या, मग एक दिवस बसमधून उतरलेल्या एका ठेंगण्या, जाड भिंगाच्या बाईने गर्दीत विचारलं, "सत्तावीस नंबर कोणाचा?"

तोफेने मला पुढे ढकललं.

ती मला खालून वर बघत राहिली. "एवढ्या उंच? मी स्टूल दोन चर अजून वर करायला हवं होतं."

"बरोबर असतं," मी म्हटलं. "तुमचं कसं, बरोबर असतं का?"

"बसल्याबरोबर माझे पाय जमिनीला टेकतात ताई." मग जवळ येऊन म्हणाली, "माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय. लूपरचं भोक मला दिसतच नाही. रोज तासभर जायचा. रोज बोलणी. सोडूनच देणार होते. त्या दिवशी तुम्ही शेपट्या ठेवल्यात म्हणून टिकले."

आता बोला. बाई डोळ्यांत पाणी आणून आभार मानतेय आणि मी तिथे चोरासारखी उभी. गप्प बसता आलं असतं. जमलं नाही.

"मी ठेवल्या नव्हत्या हो. घंटा झाली, राहिल्या. दुसऱ्या दिवशी मी परत उपसल्याही."

"ते कळलं मला," ती म्हणाली. "मला वाटलं, घरी काहीतरी झालं असेल."

तोफ इतक्या जोरात हसली की बसवाल्याने मान बाहेर काढली. "झालं होतं ना, पण आदल्या दिवशी! जावेने हिला सकाळी सकाळी धुतलं होतं, म्हणून तर शेपट्या राहिल्या!" तेव्हा दोन्ही वस्त्यांच्या बायका एकत्र हसल्या. माझ्यावर हसल्या, पण एकत्र.

इथपर्यंत तुमचं काही बिघडलं नव्हतं. उलट दोन्ही पाळ्यांचा माल वाढला. तुम्ही आम्हाला लाडू नाही दिलेत, पण ओरडायचे थांबलात. बिघडलं ते पुढे.

बायका बोलायला लागल्या की काय बोलतात? पोरांबद्दल बोलतात, गुडघ्यांबद्दल बोलतात, आणि मग ज्या जागी दिवस काढतात त्या जागेबद्दल बोलतात. थांब्यावर एक दिवस ती ठेंगणी म्हणाली, "तुमच्या पाळीत तरी ते मागचं दार उघडं असतं का?" आम्ही म्हटलं, आम्हाला वाटलं तुमच्या पाळीत उघडं असतं! दोन वर्षं आम्हाला वाटत होतं की मागचं दार त्यांचं, त्यांना मोकळीक. त्यांना वाटत होतं, पुढचं फाटक आमचं, आम्हाला मोकळीक. खरं काय, तर काम चालू असताना दोन्ही बाहेरून बंद. आत कापसाचा धुरळा, तेल, कपड्यांचे ढीग, आणि साठ बायका. कुठे ठिणगी पडली तर खिडकीच्या गजांशिवाय हातात काही नाही.

अर्ज मी लिहिला. माझं अक्षर कोंबडीच्या पायाचं, पण लिहिला. दार काम चालू असताना आतून उघडता आलं पाहिजे, एवढंच. त्या ठेंगणीने पहिली सही केली. सही म्हणजे पूर्ण नाव, सावकाश, एकेक अक्षर. तिच्यानंतर मी, मग तोफ, मग बाकीच्या. दोन्ही पाळ्या एकाच कागदावर. असा कागद तुमच्या टेबलावर आधी कधी आला होता का? सांगा, आला होता का?

मंगळवारी अर्ज दिला. गुरुवारी भिंतीवर कागद लागला. दाराबद्दल नव्हे. 'प्रत्येक पाळीने मशीन पूर्ण रिकामे करून द्यावे. दोऱ्याची टोके शिल्लक ठेवल्यास तो मालाचा अपव्यय समजण्यात येईल.' दार बाजूला, शेपट्या पुढे. म्हणजे तुम्हाला बरोबर कळलं होतं की हे कुठून सुरू झालं. हुशार आहात, ते मी नाकारत नाही.

आम्ही शेपट्या ठेवल्याच.

शनिवारी त्या रिकाम्या दहा मिनिटांत आमचे सुपरवायझर हॉलमध्ये शिरले. त्यांच्या गळ्यात कायम मोजायची टेप असते, म्हणून आम्ही त्यांना टेपसाहेब म्हणतो. बाकी सगळी मशीन सोडून ते सत्तावीसपाशी गेले. खाली वाकले. शेपटीला टेप लावली. मोठा शिकलेला माणूस दोऱ्याची शेपटी मोजत होता! मी डबा विसरले म्हणून परत आले होते, दारातून पाहिलं. मला हसू आलं. हसायला नको होतं.

सोमवारी तिला कामावरून काढल्याचा कागद मिळाला. मला नाही. तिला. 'मशीन क्रमांक सत्तावीस, दुपारची पाळी, पांढरा दोरा, अकरा इंच, चार टोके, सूचनेचे हेतुपुरस्सर उल्लंघन.'

पांढरा दोरा! थांब्यावर तिने तो कागद मला वाचायला दिला, भिंगांतूनही तिला अक्षर लागत नव्हतं. मी वाचला आणि परत वाचला. पांढरा माल आम्ही शिवतो. तिच्या हातात दोन वर्षांत पांढरा दोरा आलेला नाही. ती शेपटी माझी होती. तुम्ही मोजली तेव्हा ती बाई अजून मागच्या दाराबाहेर रांगेत उभी होती. तुम्ही रंग लावून दिलात आमची चूक पकडायला, आणि स्वतःच रंग बघायला विसरलात. घाई झाली ना. पहिल्या सहीवर बोट ठेवायची घाई झाली.

मी तो कागद घेऊन टेपसाहेबांकडे गेले.

"ही शेपटी माझी आहे. मला काढा."

त्यांनी आधी दार लावलं. "तुझं नाव यात नाहीये. कशाला अंगावर ओढून घेतेस?"

"पण दोरा माझा आहे."

"अगं बाई, ती पुलापलीकडची. संपात तुमच्या पोटावर पाय देऊन आलेली. विसरलीस?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुझ्या वहिनीचं कामाचं बघतो म्हणालो होतो. सत्तावीसची दुपार आता रिकामी आहे."

माझी वहिनी, माझ्या भावाची बायको, आठ महिने घरी आहे. लहान मूल आहे तिला. मी तिथे उभी राहून विचार केला, हे लपवत नाही. विचार केला. भावाच्या घरी गेले आणि वहिनीला सांगितलंही. ती मुलाला भरवत होती. घास हातातच राहिला.

"तिला काढून मला?" ती म्हणाली. "आणि उद्या मी कुठल्या कागदावर सही केली, तर?" मग घास मुलाच्या तोंडात घातला आणि म्हणाली, "नको वन्सं. त्या स्टुलावर मला बसवणार नाही."

म्हणून हे लिहितेय. नीट वाचा, परत सांगणार नाही.

त्या चारही शेपट्या मी ठेवल्या. माझ्या हाताने, शुद्धीत असताना, सूचना वाचून, समजून, मुद्दाम. त्या आधीही ठेवल्या, त्यानंतरही ठेवल्या, आजही ठेवून आले. आज आमच्या पाळीतल्या साठच्या साठ मशीनवर शेपट्या आहेत. तोफेने तर तिची हातभर ठेवली आहे आणि वर चिठ्ठी लावली आहे: 'मोजून घ्या'. मोजायला टेप कमी पडली तर आमच्याकडे आहेत.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीसाठी? एवढीशी तुम्हाला वाटते. आमच्यात दोन वर्षं वैर होतं तेही एवढ्याशा गोष्टींनीच चाललं होतं: एक चकती उलटी, एक बोळा, एक शिवी. ते वैर तुम्ही चालू दिलंत, त्याला अपव्यय म्हणाला नाहीत. रोज दोन्ही पाळ्यांच्या बायकांचे अर्धे अर्धे तास वाया जात होते, तेव्हा कोणी टेप घेऊन आलं नाही. एका अनोळखी बाईने दुसरीला वीतभर दोरा ठेवला, तेव्हा आलात.

तुम्हाला कळत नसेल तर एक सांगते. आता तिला काढलंत तरी आमच्या झिंज्या आमच्या हातात यायच्या नाहीत. पुलापलीकडच्या बायका आमच्या घरी येऊन गेल्या. आम्ही त्यांच्या वस्तीत तिच्या घरी बसून आलो. तिने चहा केला, कप कमी पडले, आम्ही दोघी-दोघींत एक प्यायलो. तिने विचारलं, "ताई, तुम्ही का पडताय यात?" मी म्हटलं, "माझ्या दोऱ्यावर तुमचं नाव कसं लागलं, ते मला समजून घ्यायचंय." ती म्हणाली, "मलाही."

उद्या आमची पाळी सुटेल तेव्हा आम्ही पुढच्या फाटकाने बाहेर पडणार नाही. मशीनजवळ उभ्या राहू. दुपारच्या बायका आत येतील, त्याही उभ्या राहतील. दहा मिनिटं हॉल रिकामा नसेल, एवढंच होईल. दगड नाहीत, घोषणा नाहीत. सत्तावीस नंबरसमोरचं स्टूल मी तिच्या उंचीला खाली करून ठेवीन.

तुम्ही वरच्या मजल्यावरून खाली या आणि आम्हा सगळ्यांसमोर बोला. पांढऱ्या दोऱ्याबद्दल निळ्या दोऱ्याच्या बाईला का काढलं? चुकून की मुद्दाम? चुकून असेल तर ती परवा कामावर येईल का? मुद्दाम असेल तर मला अजून का ठेवलंय?

उत्तर द्या.